उजेडही हवा आणि वीट-लाकूड-मातीही हवी, एका घरात दोन्ही जमतं का?

उंबरठा:
नमस्कार मंडळी, घर बांधायला घेतोय, प्लॅन अजून कागदावरच आहे त्यामुळे आत्ताच विचारून घेतो. प्लॉट अरुंद आणि लांब, साधारण 7 मीटर बाय 18, आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती अगदी चिकटून. म्हणजे खिडक्या फक्त समोर पश्चिमेला आणि मागे पूर्वेला. मला दिवसा लाइट लावायला लागू नये असं घर हवंय आणि शक्यतो प्लास्टिक, पीओपी, लॅमिनेट वगैरे टाळून खरं मटेरियल वापरायचंय.

आर्किटेक्टने थ्रीडी पाठवलंय त्यात आत सगळीकडे उघडी वीट, सीलिंगला गडद लाकूड, फरशी काळ्या दगडाची आणि समोर खालपासून वरपर्यंत सलग काच. दिसतंय एकदम भारी पण घरचे म्हणतायत दिवसा गुहेत बसल्यासारखं होईल, आणि मला त्यांचं पटतंय पण का ते सांगता येत नाहीये. मधली जागा (जिना, डायनिंग, एक छोटी खोली) कशी उजळायची? मातीचा किंवा चुन्याचा गिलावा खरंच टिकतो का? अनुभव असणाऱ्यांनी लिहा प्लीज.

गच्चीवाला:
आधी एक सांगतो, थ्रीडीतला उजेड खरा धरू नका. ते करणारा माणूस चित्र छान दिसावं म्हणून न दिसणारे दिवे टाकतो, सीलिंगच्या मागे, सोफ्याच्या खाली, कुठेही. आम्ही पण टाकतो.

आता काच. खिडकीतून येणारा उजेड खोलीत किती आत जाणार हे खिडकीच्या वरच्या कडेची उंची ठरवते, ढोबळ हिशोब असा की त्या उंचीच्या दोन ते अडीच पट. लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) नेहमीसारखं 2.1 मीटरवर ठेवलं तर साधारण 4 ते 5 मीटरपर्यंत कामाचा उजेड पोचतो, तेच 2.7 वर नेलं तर साडेपाच-साडेसहापर्यंत. उलट खालचा जो गुडघ्यापर्यंतचा भाग आहे तिथली काच आत खोलवर फारसं काही देत नाही, फरशी उजळते आणि ऊन आत घेते एवढंच. म्हणजे तुमच्या त्या सलग काचेचा खालचा पट्टा भिंत करून टाकलात तरी उजेडात फार फरक पडणार नाही आणि तुमची दिशा पश्चिम असल्यामुळे दुपारनंतर घराची भट्टी व्हायची ती थोडी तरी वाचेल. साधी एकेरी काच उन्हातली 80 टक्क्यांहून जास्त उष्णता आत सोडते, आणि आतून पडदा लावून ती परत बाहेर जात नाही. सावली करायची ती काचेच्या बाहेर.

मधल्या भागाला समोरची खिडकी कितीही मोठी केली तरी उपयोग नाही, 18 मीटर लांबी आहे, तिथे वरूनच उघडायला हवं. आभाळ पूर्ण भरलेलं असतं तेव्हासुद्धा डोक्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतं, म्हणून वरची छोटी फट बाजूच्या मोठ्या खिडकीला भारी पडते. पण स्लॅबमध्ये सरळ आडवी काच बसवू नका, उन्हाळ्यात दुपारचं ऊन थेट जिन्यात उतरेल. जिन्यावरचा स्लॅब मीटरभर उचला आणि त्याच्या उत्तरेच्या बाजूला उभी काच द्या. उत्तर गोलार्धात उत्तरेकडून वर्षाचा बराच काळ थेट ऊन नसलेला सौम्य उजेड येतो, चित्रकार लोक स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागतात ते यासाठीच. उचललेल्या भागाची एक झडप उघडता येईल अशी ठेवा, गरम हवा वरून निघून जाईल.

चुनखडी:
घरच्यांचं बरोबर आहे आणि कारण साधं गणिताचं आहे. खोलीतला बराचसा उजेड खिडकीतून थेट तुमच्यापर्यंत येत नाही, तो भिंती-सीलिंगवर आपटून आपटून येतो. ताजा पांढरा चुना आलेल्या उजेडातला 80 टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, लाल वीट 20 ते 30, गडद लाकूड 10-15, काळा दगड त्याहूनही कमी. दोनदा आपटून आलेला उजेड धरा: चुन्यावरून 100 पैकी 64 उरतात, विटेवरून (25 टक्के धरली तर) फक्त 6. दहापट फरक पडला आणि खिडकी तीच आहे! वीट, गडद लाकूड, काळा दगड हे तिन्ही एकाच खोलीत आले तर तुम्ही काच कितीही वाढवा, ते गिळून टाकतात. खिडकीजवळ डोळे दिपणार आणि चार पावलं आत अंधार वाटणार, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून माझं मत असं की नैसर्गिक मटेरियल घ्या पण फिकट घ्या, आणि गडद हवंच असेल तर एकच ठिकाण निवडा. सीलिंगला गडद लाकूड तर अजिबात नको, बाकी कुठेही चालेल. उघडी वीट जिन्याच्या भिंतीला ठेवा, वरच्या खिडकीचा उजेड त्या भिंतीवरून तिरका खाली सरकेल तेव्हा प्रत्येक विटेची कड आणि दर्जांच्या (विटांमधल्या सांध्यांच्या) सावल्या उठून दिसतात, तीच भिंत समोरच्या सपाट उजेडात मेलेली दिसते. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानने टेक्सासमधल्या किंबेल म्युझियममध्ये (1972) हेच केलंय, छत साध्या करड्या काँक्रीटचं आहे पण वरच्या फटीतून येणारा उजेड अॅल्युमिनियमच्या परावर्तकावर आपटवून छतावर पसरवलाय, त्यामुळे ते काँक्रीट चक्क रुपेरी दिसतं. मटेरियल गडद असलं तरी त्याच्यावर उजेड कसा पडतो त्यावर बरंच अवलंबून असतं.

चुन्याचा गिलावा टिकतो, जुन्या इमारती उभ्या आहेत की. अट एकच, घाई करायची नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीसारखा घट्ट होतो आणि त्याला थोडी ओल लागते, कडक उन्हात पटकन वाळला तर हात फिरवल्यावर पीठ सुटतं. पातळ थर द्यायचे, एका थराला 10 मिमीच्या वर जायचं नाही, पाणी शिंपडत राहायचं, आणि शेवटच्या थराची घोटाई नीट. वर ॲक्रिलिक किंवा प्लास्टिक पेंट मारू नका! भिंतीतली ओल बाहेर पडायचा रस्ता बंद होतो आणि एका पावसाळ्यात पोपडे यायला लागतात. रंग हवा तर चुन्यातच मातीचे रंग कालवा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा लावला तर हाच प्रकार होतो, फक्त तिथे आतली भिंत कुजते आणि वरून कळत नाही.

झरोका_७:
मध्येच विचारतो, आमचं घर दक्षिणेला तोंड करून आहे, छज्जा किती काढावा? सगळे वेगवेगळं सांगतात.

गच्चीवाला:
@झरोका_७ दक्षिण सगळ्यात सोपी दिशा आहे, घाबरू नका. 20 अंश उत्तर अक्षांश धरू. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य साधारण साडेशेहेचाळीस अंशावर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या 21-22 तारखेच्या सुमारास 70 अंशावर. 60 सेंमीचा छज्जा डिसेंबरमध्ये खाली 63 सेंमी सावली टाकतो आणि मार्चमध्ये जवळपास 165. म्हणजे छज्जा खिडकीच्या लगेच वर असेल तर थंडीत खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून ऊन आत येतं आणि गरमी सुरू झाल्यावर अख्खी खिडकी सावलीत. तुमचा अक्षांश टाकून करून बघा, 90 वजा अक्षांश, त्यात डिसेंबरला आणखी 23.5 वजा करायचे, आलेल्या कोनाच्या टॅन्जंटने (कॅल्क्युलेटरवरचं tan) छज्ज्याची लांबी गुणली की सावली किती खाली येते ते कळतं. झालं.

मधली_खोली:
थोडं विरुद्ध लिहिते, राग मानू नका. सगळे उजेड किती यावर बोलताय, तो कुठे पडतो ते कोणीच विचारत नाहीये. आमच्याकडे पूर्वेला मोठी काच आहे, फोटोत सुंदर, पण सकाळी कामाच्या टेबलावर बसलं की स्क्रीन दिसत नाही, म्हणून तिथला पडदा कायम ओढलेला आणि आत ट्यूब चालू. एवढी मोठी काच कशाला मग? प्लॅनवर आधी तुम्ही सकाळी कुठे बसणार, मुलं अभ्यास कुठे करणार ते मांडा आणि मग खिडकी ठरवा, टेबलाला उजेड बाजूने यायला हवा, समोरून किंवा पाठीमागून नको. आणि जमेल तिथे खोलीला दोन बाजूंनी उजेड द्या, एकाच बाजूने आला की माणसाचा चेहरा काळा दिसतो.

लाकडाबद्दल पण. खरं लाकूड उन्हात रंग बदलतं हे कोणी विकताना सांगत नाही. आमच्या हॉलमध्ये फिकट लाकडाची फरशी आहे, खिडकीजवळचा गालिचा हलवला तर खाली त्याच्या मापाचा फिकट चौकोन आणि आजूबाजूचं सगळं मधासारखं पिवळं झालेलं. मला आवडतं ते, पण ज्यांना नाही आवडत त्यांनी आधीच विचार करावा. आणि लाकडावर जाड पॉलियुरेथेनचा (प्लास्टिकसारख्या वॉर्निशचा) थर चढवणार असाल तर मग लॅमिनेटने काय घोडं मारलं होतं? तेल किंवा मेण लावा, ओरखडा गेला तर तेवढाच भाग घासून परत तेल लावता येतं.

उंबरठा:
बापरे, एवढं सगळं. 100 पैकी 64 आणि 6 हे घरी वाचून दाखवलं, आई म्हणाली हेच तर सांगत होते. सीलिंगचं लाकूड कॅन्सल, फरशीला फिकट दगड बघतोय, वीट फक्त जिन्याला.

दोन शंका अजून. पश्चिमेचं काय करू, तिथे तर छज्जा काढणारच आहोत. आणि निदान एक बाहेरची भिंत मातीची करावी असं मनात आहे, ते वेडेपणाचं आहे का?

गच्चीवाला:
पश्चिमेला नुसत्या छज्ज्याचा उपयोग नाही, तिथे सूर्य खाली उतरून सरळ समोरून येतो. तिथे उभं काहीतरी हवं, उभ्या पट्ट्या, खोल व्हरांडा, पानगळीचं झाड, नाहीतर विटांची जाळी. जाळीच उत्तम असं माझं मत, हवा येते, ऊन तुकड्या-तुकड्यांनी येतं आणि रस्त्यावरून आतलं दिसत नाही. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात अनेक दशकं अशा जाळ्या केल्या, त्यांनी रुळवलेली रॅट ट्रॅप पद्धत पण विचारा तुमच्या आर्किटेक्टला, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी सोडायची. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता कमी येते. फक्त गवंड्याला ती येत असावी, नाहीतर एक छोटं कुंपण त्याच्याकडून आधी बांधून घ्या.

माती वेडेपणाची नाही. जोतं उंच ठेवा, छप्पर भिंतीच्या चांगलं बाहेर काढा, पाणी उडून भिंतीवर येणार नाही असं बघा, मातीच्या भिंतीचं निम्मं काम त्यातच होतं. पावसाच्या माऱ्याची बाजू असेल तर 5 ते 10 टक्के सिमेंट घालून दाबून केलेले मातीचे ब्लॉक घ्या, पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये त्यावर बरंच काम झालंय. आधी मातीची टेस्ट करून घ्या, काळी चिकण माती असेल तर वाळताना तडकते, ती तशीच वापरायची नाही.

आणि एक स्वस्तातला उपाय. पुठ्ठ्याचं मॉडेल करा, 1:20 चालेल, आत भिंतींना खऱ्या मटेरियलच्या रंगाचे कागद लावा, मोबाइल जाईल एवढं भोक ठेवा आणि गच्चीवर प्लॉटच्या दिशेने ठेवून वेगवेगळ्या वेळी आतले फोटो काढा. मॉडेल लहान केलं म्हणून उजेडाची वागणूक बदलत नाही, त्यामुळे ते थ्रीडीपेक्षा खरं सांगतं. कोपरे मात्र काळ्या टेपने बंद करा, फटीतून उजेड शिरला तर सगळं फसतं.

झरोका_७:
छज्ज्याचं करून बघितलं, जमलं, धन्यवाद. @उंबरठा मॉडेलचे फोटो इथे टाका.

उंबरठा:
टाकतो. ती जिन्यावरची उचललेली खिडकी गळणार नाही ना? सगळे त्यावरूनच घाबरवतायत.

चुनखडी:
गळते ती काच आणि स्लॅबच्या सांध्यात. काचेच्या खाली निदान 15-20 सेंमी काँक्रीटची उभी कड हवी, वॉटरप्रूफिंग त्या कडेवर चढवून आत वळवायचं, आणि वरच्या स्लॅबच्या कडेला खालून पाणतोडीची खाच ठेवायची म्हणजे पाणी आत सरकत येत नाही. काच बसवण्याआधी स्लॅबवर पाणी भरून ठेवा, खाली ओल दिसली तर तेव्हाच दुरुस्त होते.