मदत हवी आहे: वाईन द्राक्षांच्या करारात ब्रिक्सची (रसातल्या साखरेच्या प्रमाणाची) अट कशी लिहावी? (पलूस, जि. सांगली)

वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परतावा वायनरीला मिळावा, अशी राज्याची योजना. त्यातलं बागायतदाराच्या दरात काय उतरतं? करारात तर अवाक्षर नसतं! उलट शिराझला (वाईनच्या द्राक्षाची जात) २२-२४ ब्रिक्स भरला नाही की दरात कपात, आणि मोजणी वायनरीच्या गेटवर.

उन्हाकडचेच मणी घेतले की आकडा फुगतो, तोडणीआधी पाणी किंवा पाऊस झाला की उतरतो. म्हणून तोडणीच्या सकाळी बागेतच, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-मधले-खालचे मिळून शे-दोनशे मणी एकत्र चिरडून रस मोजावा. रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं उपकरण) आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणावा, कागदावर दोघांच्या सह्या.

असं कलम असलेला करारनामा कोणाकडे आहे का? वायनरीने तोडणी लांबवली तर घटलेल्या वजनाचं काय, हेही त्यात हवं. नाव-दर झाकून फोटो टाका.