मदत हवी आहे: डोमेन हलवायचं आहे, पण नोंदणीचा ईमेल त्याच डोमेनवर आहे

नमस्कार मंडळी,

एक डॉट कॉम डोमेन (साइटचं नाव) एका रजिस्ट्रारकडून (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे न्यायचं आहे. एरवी हे काम मी कुणाला न विचारता केलं असतं. पण इथे अशी गाठ बसली आहे की चुकीचा दोरा ओढला तर ती आणखी आवळेल.

साइट माझ्या वडिलांची आहे. घरच्या घरी दुर्बीण कशी बनवायची यावर ते गेली पंधरा वर्षं लिहीत आहेत. आरसा घासण्यापासून स्टँडपर्यंत सगळं त्यात आहे. आजही वाचक आपल्या अर्धवट घासलेल्या आरशाचे फोटो पाठवून 'पुढे काय करू' असं विचारतात आणि बाबा प्रत्येकाला उत्तर देतात. हे सगळे मेल डोमेनवरच्याच पत्त्यावर येतात. त्यामुळे साइट तासभर बंद राहिली तर चालेल, पण मेल हरवलेला मला चालणार नाही.

सध्याची स्थिती अशी: होस्टिंग एकीकडे, मेलची सेवा दुसरीकडे, डोमेन आणि डीएनएस (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारी यंत्रणा) तिसरीकडे. ही तिसरी जागाच सोडायची आहे, कारण तिथे तिकीट टाकलं की उत्तराची वाट बघत बसावं लागतं. मुदत संपायला ४१ दिवस आहेत. ट्रान्सफर लॉक मी काढला आहे. ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड) पॅनेलमध्ये दिसत नाही, तो तिकिटावर मागून आज तिसरा दिवस आहे.

आता गाठ. नोंदणीदार म्हणून बाबांचं नाव आहे आणि त्यांचा ईमेल त्याच डोमेनवरचा आहे. ट्रान्सफर सुरू असताना डीएनएस बंद पडलं तर ट्रान्सफरचेच मेल आमच्यापर्यंत पोचणार नाहीत. म्हणून ईमेल आधी बदलून बाहेरचा द्यावा असं ठरवलं होतं. तेवढ्यात वाचलं की नोंदणीदाराचा ईमेल बदलला की ६० दिवस डोमेन हलवता येत नाही. मुदत तर त्याआधीच संपते!

शिवाय दोन वर्षांपूर्वी मी हौसेने डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची सोय) चालू केलं होतं. ते तसंच ठेवून हलवता येईल का? आणि आधी नूतनीकरण करावं की आधी ट्रान्सफर?

बाबा शेजारीच बसले आहेत, त्यांच्या संमतीनेच सगळं चाललं आहे.

---

प्रतिसाद १

एवढा विचार नका करू. ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारे सर्व्हर) बदलत नाहीत, जे आहेत तेच पुढे राहतात. कोड मिळाला की टाका आणि मोकळ्या व्हा.

---

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्यात अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच धोका आहे. ट्रान्सफरने नेमसर्व्हरची नोंद बदलत नाही हे बरोबर. पण ते नेमसर्व्हर आहेत जुन्या रजिस्ट्रारचे. डोमेन हातातून गेलं की बरेच रजिस्ट्रार आपल्याकडचा डीएनएस झोन (त्या डोमेनच्या सगळ्या नोंदींची यादी) काढून टाकतात. मग नोंद तशीच राहते, पण विचारलेल्याला उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं. साइटही जाते आणि मेलही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे क्रमात आहे. ईमेल बदलूच नका. आधी डीएनएस हलवा, तो नीट बसला की मग डोमेन. मेल नव्या नेमसर्व्हरवरून चालू झाला की ट्रान्सफरचे मेल त्याच जुन्या पत्त्यावर पोचतील आणि ६० दिवसांच्या लॉकचा प्रश्नच येणार नाही. (ईमेल बदलण्याआधीच 'लॉक नको' असं सांगायची सोय काही रजिस्ट्रार देतात. पण ती देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.)

डीएनएस हलवताना सर्वांत जास्त वेळ झोनवर घालवा. नव्या ठिकाणी 'रेकॉर्ड आपोआप शोधा' असं बटण असतं. त्यावर विसंबू नका. ते नेहमीची नावं चाचपून बघतं. एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणारे) सापडतील, एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कुणी पाठवावा ते सांगणारा) सापडेल, पण डीकेआयएमचं (मेलवरची सही तपासायच्या किल्लीचं) नाव मेलसेवेने ठरवलेल्या सिलेक्टरवर, म्हणजे तिने निवडलेल्या शब्दावर असतं, ते त्याला कसं कळणार? जुन्या पॅनेलमधून पूर्ण झोन फाइल उतरवून घ्या आणि ओळीला ओळ लावून बघा. डीकेआयएम राहून गेलं तर मेल जातात, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये. त्याचा पत्ता आठवडाभर लागत नाही.

नेमसर्व्हर बदलण्याआधी नव्या सर्व्हरला 'डिग' (डीएनएसला प्रश्न विचारायची आज्ञा) वापरून थेट विचारून बघा. उत्तरं जुन्यासारखीच आली पाहिजेत.

---

प्रतिसाद ३

डीएनएससेकबद्दल: चालू ठेवून हलवू नका. नव्या ठिकाणी सह्यांची किल्ली वेगळी असणार आणि वरच्या पातळीवर, म्हणजे डॉट कॉमकडे, डीएस रेकॉर्ड (तुमच्या किल्लीची खूण) जुन्या किल्लीचा राहिला तर पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (वाचकांच्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) तुमचं डोमेन साफ नाकारतात. काहींना साइट दिसते, काहींना नाही, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

आधी फक्त डीएस काढा. डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) ८६४०० सेकंद असतो, म्हणजे एक पूर्ण दिवस. मी दोन थांबते. त्यानंतर नेमसर्व्हर बदला. अनेकजण आपल्या झोनमध्ये टीटीएल ३०० करतात आणि निर्धास्त होतात, पण डॉट कॉमच्या सर्व्हरवर तुमच्या नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० आहे, म्हणजे ४८ तास. तो तुमच्या हातात नाही. ते दोन दिवस जुना आणि नवा दोन्ही झोन जिवंत आणि हुबेहूब सारखे ठेवा. मग कुणी कुठेही विचारलं तरी मेल योग्य जागीच जाईल.

---

प्रतिसाद २

मुदतीचं राहिलं. ट्रान्सफर झालं की सध्याच्या मुदतीत एक वर्ष वाढतं (एकूण दहा वर्षांच्या पुढे जात नाही). उरलेले ४१ दिवस बुडत नाहीत. त्यामुळे आधी नूतनीकरणाची गरज नाही. फक्त मुदत उलटू देऊ नका. मुदत संपल्यावर नूतनीकरण करून पुढच्या ४५ दिवसांत ट्रान्सफर केलं तर ते नूतनीकरणाचं वर्ष रद्द होऊन हाती फक्त ट्रान्सफरचं वर्ष उरतं, आणि जुन्याकडे भरलेले पैसे परत मागत बसावं लागतं.

ऑथ कोड मागितल्यापासून पाच दिवसांत द्यायलाच हवा, असा आयकॅनचा (डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) नियम आहे. तिकिटात तसं स्पष्ट लिहा. तरीही नाही आला तर आयकॅनकडे तक्रारीचा फॉर्म आहे.

---

धागाकर्ती

मनापासून आभार. आजच डीएस काढला. झोन फाइल लावून बघितली तर 'आपोआप शोधा'ने तीन गोष्टी गाळल्या होत्या: डीकेआयएम, डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा) आणि बाबांच्या जुन्या लेखांचा सबडोमेन, जो मी स्वतःच विसरले होते. तिन्ही हाताने घातल्या.

एक शंका. जुना रजिस्ट्रार ट्रान्सफरच्या वेळी मंजुरीचा मेल पाठवतो म्हणतात. तो नजरेतून सुटला तर?

---

प्रतिसाद ३

काही बिघडत नाही. जुन्या रजिस्ट्रारला पाच दिवस असतात. कुणी नकार दिला नाही तर डोमेन आपोआप पुढे जातं. मेल दिसला आणि त्यात 'मंजूर' बटण असलं तर काम लवकर होईल, इतकंच. पण 'डोमेन वाचवण्यासाठी इथे लॉगिन करा' छापाच्या मेलला हात लावू नका. या दिवसांत तसले मेलही येतात.

---

धागाकर्ती

तिकिटात नियम लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी कोड आला. नेमसर्व्हर बदलून तीन दिवस थांबले, बाहेरच्या दोन खात्यांवरून मेल पाठवून आणि मागवून बघितले, मगच कोड टाकला. आयकॅनच्या लुकअपमध्ये 'पेंडिंग ट्रान्सफर' दिसत होतं. मंजुरीचा मेल बाबांच्या पत्त्यावर व्यवस्थित आला, पण त्यात फक्त नकाराची लिंक होती. पाचव्या दिवशी डोमेन नव्या खात्यात आलं. मुदत एक वर्षाने पुढे गेली आहे. आज डीएनएससेक नव्या किल्लीने चालू केलं. मधल्या काळात वाचकांचे सहा मेल आले, सहाही पोचले. बाबांनी आधी तेच मोजले.

आता त्यांची इच्छा आहे की डोमेन माझ्या नावावर करावं. लगेच केलं तर काही अडचण?

---

प्रतिसाद २

खुशाल करा. नाव बदलल्यावरचा ६० दिवसांचा लॉक फक्त रजिस्ट्रार बदलण्यावर असतो आणि ट्रान्सफरनंतर तसेही ६० दिवस बहुतेक रजिस्ट्रार डोमेन पुढे हलवू देत नाहीतच. डीएनएस, मेल, साइट यांना त्याचा धक्का नाही. त्याच फॉर्ममध्ये नोंदणीचा ईमेल मात्र या वेळी बाहेरचा द्या. नव्या आणि जुन्या अशा दोन्ही पत्त्यांवर खात्रीचा मेल येतो, दोघांनी मंजूर करावा लागेल, तेव्हा बाबा शेजारी असतानाच करा.