१९६९ ची ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकल: बॅटरी चार्ज होत नाही, झेनर (चार्जिंगचं जादा व्होल्टेज रोखणारा डायोड) तपासायचा कसा?

मदत हवी आहे. १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं). वायरिंग हार्नेस नवा मीच टाकला. रंग दोनदा मूळ आकृतीशी ताडून पाहिले.

३००० आरपीएमलाही बॅटरीवर १२.६ च्या वर व्होल्टेज जात नाही, दिवे बंद असतानाही. झेनर डायोडची वायर काढली की लगेच १४ च्या पुढे जातं (क्षणभरच पाहिलं, बॅटरीची काळजी वाटते). म्हणजे अल्टरनेटर आणि रेक्टिफायर (अल्टरनेटरच्या एसीचं डीसी करणारा भाग) ठीक असावेत. बॅटरी नवी आहे, फ्रेमची अर्थ घासून स्वच्छ केली आहे. झेनर उलटा बसला असता तर फ्यूज उडाला असता, तो शाबूत आहे.

आधुनिक रेग्युलेटर बसवायचा नाही, गाडी मूळ रूपातच हवी आहे.

झेनरच्या वायरमध्ये अँमीटर जोडून तपासताना नेमक्या किती व्होल्टला करंट वाहायला लागला तर तो खराब समजायचा?