पाकिटावरचा फोटो आणि पानातला पदार्थ: आपापले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात कोथरूडच्या घरी एकटाच होतो आणि स्वयंपाकाचा कंटाळा आला, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार मटार पनीरचे 300 ग्रॅमचे पाकीट आणले. वेष्टनावर पितळी कढई होती, तिच्यात अर्ध्या काडेपेटीएवढे पनीरचे तुकडे रचलेले होते आणि वर ताजी कोथिंबीर होती. पाकीट उकळत्या पाण्यात गरम करून भाजी कढईत ओतली, तेव्हा लालसर रश्श्यात सापशिडीच्या फाशाएवढे तुकडे दिसू लागले. ते चाळणीत धुऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तर नऊ तुकड्यांचे मिळून 35 ग्रॅम भरले. आता तक्रारच करायची, या इराद्याने पाकिटाची मागची बाजू भिंगाखाली धरली. तिथे घटकांच्या यादीत ‘पनीर 12 टक्के’ असे छापलेले होते, म्हणजे 36 ग्रॅम. पाकीट खोटे बोलले नव्हते, फक्त खरे बोलताना त्याने आवाज फार खाली आणला होता.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलविषयक 2020च्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि एखादा घटक शब्दांनी किंवा चित्राने ठळकपणे मिरवला असेल, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत सांगावे लागते. म्हणून या धाग्यावर लिहिताना केवळ ‘फसवले’ असे न म्हणता पुढे काय दिसले, आत काय निघाले आणि मागे काय छापले होते, हे तिन्ही लिहावे. कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

सदाशिव पेठेतून:
आमच्याकडे दिवाळीत गुलाबजाम तयार पिठाचेच होतात, हे सासूबाई असताना मोठ्याने सांगण्याची सोय नव्हती. पाकिटावर काचेच्या वाडग्यात टपोरे गुलाबजाम, वर पिस्त्याचे काप आणि पाकात केशराच्या काड्या असतात. आत असते ते फक्त पीठ. केशर, पिस्ता, तळायचे तूप आणि पाकाची साखर हे सगळे आपले, आणि साखर तर पिठाच्या तिप्पट लागते. तरीही मला हे चित्र खोटे वाटत नाही, कारण पीठ दुधात हलक्या हाताने भिजवून, गोळ्याला भेग राहू न देता मंद आचेवर तळले, तर गुलाबजाम चित्रातल्यासारखे होतात. पहिल्या वर्षी मी ते कणकेसारखे मळले होते. त्या गुलाबजामांना मोठ्या जाऊबाईंनी ‘गोट्या’ म्हटले आणि अजूनही म्हणतात.

हिंजवडीहून:
रात्रपाळीत असताना गरम पाणी घालून खायचे पोहे कागदी पेल्यातून खातो. पेल्यावर ओल्या नारळाचा चव, लिंबाची फोड आणि खमंग शेंगदाणे दाखवलेले आहेत. शेंगदाणे मी मोजले, तर अख्खा एक आणि पाकळ्या चार निघाल्या. नारळ आणि लिंबू यादीतही नव्हते. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल होते, ज्याचा क्रमांक 330 असा दिला होता. निव्वळ वजन 80 ग्रॅम आणि किंमत 50 रुपये. कंपनीच्या फाटकासमोरच्या टपरीवर यापेक्षा कमी पैशांत बशीभर पोहे मिळतात, पण टपरी पहाटे तीन वाजता उघडी नसते, हे पेला बनवणाऱ्यांना नेमके ठाऊक आहे. मुळात पोहे भिजवले की पाच मिनिटांत होतात, मग त्यांना ‘इन्स्टंट’ म्हणण्यात विशेष ते काय, हा प्रश्न मला दर रात्री पडतो.

एरंडवण्यातून:
मी काही वर्षे खाद्यपदार्थांच्या छायाचित्रणात मदतनीस म्हणून काम केले आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते. सुपाचा फोटो काढायचा असेल, तर गाजर, मटार आणि मक्याचे दाणे तळाशी बसतात आणि वरून नुसता लालसर द्रव दिसतो. म्हणून आम्ही वाडग्यात आधी एक छोटी वाटी उपडी ठेवायचो आणि तिच्यावर अर्धवट वाफवलेल्या भाज्या चिमट्याने एकेक मांडून मग कडेने सूप ओतायचो. पूर्ण शिजलेल्या भाजीचा रंग उतरतो, म्हणून ती कच्चटच ठेवायची. पानांवर दवबिंदू हवे असतील, तर ग्लिसरीन मिसळलेले पाणी फवारायचे, कारण साधे पाणी दिव्यांच्या उष्णतेने वाळून जाते. रश्श्यावरची तर्री म्हणजे कुंचल्याने लावलेले तेल. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत 1960च्या दशकाच्या अखेरीस कॅम्पबेल कंपनीने जाहिरातीतल्या सुपात काचेच्या गोट्या टाकून भाज्या वर आणल्या होत्या आणि त्यावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली होती. आमच्या वाटीची मात्र कोणी दखल घेतली नाही. एवढे खरे, की वाडग्यातले सूप त्याच पाकिटातले असायचे. भाज्या मात्र आदल्या संध्याकाळी मंडईतून निवडून आणलेल्या असायच्या.

हडपसरहून:
फळांच्या रसाच्या खोक्यावरचा कापलेला आंबा पाहून मुलगी हट्ट करते. आटवलेल्या रसात पाणी घालून बनवलेल्या पेयावर ‘100 टक्के फळांचा रस’ असे लिहू नये, असा आदेश प्राधिकरणाने जून 2024 मध्ये काढला. त्यानंतर मी शब्द शोधू लागलो. आमच्या खोक्यावर तो शब्द कधी नव्हताच, आंबा तेवढा होता. मागे आंब्याच्या गराचे प्रमाण आहे आणि त्याच्या आधी पाणी आणि साखर.

बाणेरहून:
मी थोडी उलटी बाजू मांडते. माझा मुलगा जर्मनीत शिकतो आणि जाताना मी त्याच्या बॅगेत डाळखिचडीची बारा पाकिटे भरली. ‘कोणतेही संरक्षक द्रव्य नाही’ हा पाकिटावरचा दावा वाचून आमच्या ह्यांनी ‘हे शक्यच नाही’ म्हणून निकाल दिला. वास्तविक खिचडी जाड पाकिटात हवाबंद करून दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, त्यामुळे आतले जंतू मरतात आणि पाकीट न फोडता बाहेर महिनोन्‌महिने टिकते. म्हणजे शब्द खरे होते. चित्रात मात्र दाणा न् दाणा मोकळा, वर तुपाची धार, शेजारी पापड आणि लोणचे. मुलाने पाकिटाशेजारी ताटली ठेवून फोटो पाठवला. त्यात पिवळ्या लापशीसारखे काहीतरी होते आणि खाली लिहिले होते, ‘आई, पापड शोधतोय.’ ती बाराही पाकिटे त्याने संपवली आणि पुढच्या खेपेला आणखी मागवली.

पुन्हा कोथरूडहून:
हे सगळे वाचल्यावर मटार पनीरचे पाकीट कचऱ्यातून परत काढले. ‘छायाचित्र केवळ वाढण्याची कल्पना देण्यासाठी’ अशा अर्थाची ओळ कुठेतरी असणार, अशी खात्री होती. ती सापडली. खालच्या घडीजवळ, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या अक्षरांत होती आणि तिच्या अर्ध्या भागावर दुकानदाराने किमतीची चिठ्ठी चिकटवली होती.