मदत हवी आहे: पहिली ट्रॅप बीट, किक आणि ८०८ एकत्र वाजले की आवाज गढूळ होतो

नवा_ठेका:
विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ब्लूटूथ हेडफोन, एफएल स्टुडिओची (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) ट्रायल. टेम्पो १४०, पट्टी एफ मायनर. अडचणी अशा: कळ दाबली की आवाज उशिरा येतो. किक (जाड ठोका) आणि ८०८ (लांब घुमणारा खर्जाचा बेस) सुटे छान वाजतात, पण एकत्र लावले की सगळं गढूळ. आणि हेडफोनवर दणदणीत वाटणारा बेस लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. ऑडिओ इंटरफेस (माइक वगैरे जोडायचं यंत्र) आणि मिडी कीबोर्ड (सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवायच्या कळा) घेतला तर सुटेल का हे?

खर्ज:
काहीही विकत घेऊ नका. उशिराचं कारण बहुतेक ब्लूटूथच. आवाज आधी आकुंचित होऊन जातो, हेडफोनमध्ये पुन्हा उलगडतो, आणि त्यात सहज १०० ते २०० मिलिसेकंद जातात. हे कुठल्याही सेटिंगने जात नाही, वायरचा हेडफोन लावा. मग ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन एफएल स्टुडिओ एएसआयओ (आवाज लवकर पोचवणारा ड्रायव्हर) निवडा आणि बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पल ठेवा. ४४,१०० हर्ट्झला २५६ म्हणजे ५.८ मिलिसेकंद, बोटांना जाणवत नाही. तडतड ऐकू आली तर प्रोसेसरला वेळेत बफर भरता येत नाही असं समजा आणि ५१२ करा. नुसतं मिक्सिंग करताना १०२४ सुद्धा चालतं.

माइकवर काही रेकॉर्ड करायचं नसेल तर इंटरफेस नको. मिडी कीबोर्ड सोयीचा आहे, पण पियानो रोलमध्ये (स्वर मांडायच्या चौकटीत) माउसने सगळं होतं.

एक सावधगिरी: या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण परवाना घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही. म्हणून बंद करण्याआधी प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. तेही नको असेल तर एलएमएमएस हे असंच दुसरं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे.

मंद्र_सप्तक:
आता गढूळपणाचं. ८०८ मूळ रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमधला बास ड्रम. त्याची शेपटी लांब असते, म्हणूनच तो बेस म्हणून वापरता येतो आणि म्हणूनच गोंधळही घालतो. या क्रमाने तपासा.

आधी सूर. ८०८ चं सॅम्पल (आवाजाची फाइल) कुठल्या स्वरात आहे ते ट्यूनरवर बघा आणि सॅम्पलरमध्ये (ती फाइल स्वरांत वाजवणाऱ्या साधनात) तोच मूळ स्वर द्या. हे चुकलं तर तुम्ही एफ वाजवता आणि ऐकू येतो भलताच स्वर. नवखे लोक ईक्यूशी (खालचे-वरचे आवाज कमी-जास्त करणारं साधन) तासन्तास झगडतात आणि मुळात बेस बेसूर असतो.

मग स्वरांची गर्दी. आधीच्या स्वराची शेपटी पुढच्यावर चढते. चॅनेल सेटिंगमध्ये ‘कट इटसेल्फ’ चालू करा, म्हणजे नवा स्वर लागला की जुना थांबतो.

शेवटी किक. ८०८ च्या मिक्सर ट्रॅकवर फ्रूटी लिमिटर लावा, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणाऱ्या) मोडमध्ये. किकचा ट्रॅक निवडून ८०८ च्या ट्रॅकला साइडचेन करा (म्हणजे किक वाजली की ८०८ दबेल) आणि लिमिटरमध्ये तोच साइडचेन इनपुट घ्या. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंदाच्या आसपास, रिलीज (सोडायला लागणारा) ६० ते १०० मिलिसेकंद, आणि किक पडताना ८०८ साधारण ४ ते ६ डीबी खाली जाईल इतका थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी).

बाकी सगळ्या वाद्यांवर १०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा. पियानो आणि पॅडमध्ये तळाला बराच कचरा असतो.

ताल_१६:
साइडचेनपर्यंत जायचीच गरज नाही, असं माझं मत. किक बदला. आखूड, वरच्या बाजूला ‘टक’ असलेली किक घेतली तर तळ ८०८ एकटा सांभाळतो. दोन्ही जाडजूड घेऊन मग प्लगिनने भांडण सोडवणं हा उलटा धंदा.

स्पीकरचं असं: पियानोवरचा सर्वात खालचा एफ ४३.७ हर्ट्झचा असतो आणि लॅपटॉपचे स्पीकर साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खाली फारसं काही काढत नाहीत. तिथे ईक्यूने ४५ हर्ट्झ उचलून उपयोग नाही, फक्त मास्टरचा (शेवटच्या एकत्र आवाजाचा) मीटर लाल होतो. ८०८ वर सौम्य डिस्टॉर्शन (आवाज जरा फाटवणं) लावा. त्याने ८७, १३१, १७५ हर्ट्झ आणि त्याहून वरचे अंश तयार होतात; त्यांतले वरचे लॅपटॉपवर ऐकू येतात आणि तेवढ्यावरून कान मूळ स्वर ओळखतो.

पॅटर्नही तपासा. १४० ला ट्रॅप निम्म्या लयीचा वाटतो, म्हणून एका मापाच्या १६ घरांमध्ये स्नेअर ५ आणि १३ वर नाही, ९ वर येतो. किक १, ७ आणि ११ वर. हायहॅट सगळ्या विषम घरांत, पण व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) एक आड एक १०० आणि ७० ठेवा. सगळे १०० वर असले की कान लवकर कंटाळतो.

नवा_ठेका:
वायर लावल्यावर उशीर गेला. किक बदलली, कट इटसेल्फ केलं, आता खूप स्वच्छ आहे. पण स्वर बदलताना बारीक ‘टिक’ येते. आणि फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) किती ठेवायचे?

मंद्र_सप्तक:
लहर मध्येच कापली जाते म्हणून ती टिक. आधीचा स्वर पियानो रोलमध्ये पुढच्याच्या किंचित आधी संपवा आणि व्हॉल्यूम एन्व्हलपला (स्वराच्या चढ-उताराच्या आलेखाला) १० ते २० मिलिसेकंदांचा रिलीज (इथे विरण्याचा वेळ) द्या.

फेडरसाठी आधी फक्त किक वाजवा, मीटर -१० डीबीच्या आसपास ठेवा, मग ८०८ आणि बाकीचे कानाने त्याच्याभोवती बसवा. मास्टरचं शिखर (सर्वात मोठी पातळी) -६ डीबीच्या वर जाऊ लागला तर सगळे फेडर सारखेच खाली ओढा. मास्टरवर लिमिटर लावून ते झाकू नका. एक्सपोर्ट २४ बिट वेव्ह.