पीपीएचएन: नायट्रिक नसलेल्या युनिटमध्ये पहिले काही तास

प्रश्न | एमओ (मेडिकल ऑफिसर), शहादा
आमच्यासारख्या युनिटसाठी पीपीएचएनचा (जन्मानंतरही फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब उतरत नाही तो आजार) एक पानी प्रोटोकॉल लिहायला घेतलाय. हाताशी बबल सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारं साधन), एक व्हेंटिलेटर, सिरिंज पंप. नायट्रिक ऑक्साइड (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारा, श्वासावाटे द्यायचा वायू) नाही, रात्री इको (हृदयाची सोनोग्राफी) मिळत नाही. नमुना म्हणून हे बाळ धरा: पूर्ण दिवसांचं, ३ किलो, दाट मेकोनियम (बाळाची पहिली शी, जी फुफ्फुसात जाऊ शकते), वय ५ तास, सीपॅपवर ७० टक्के ऑक्सिजन. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) उजव्या हाताला ९२, पायाला ८१, जरा रडलं की हाताचंही ७५. इकोशिवाय निदानावर किती भरवसा ठेवायचा? नायट्रिक असलेल्या केंद्रात सिल्डेनाफिल (फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देऊन पाठवायचं की तसंच? आणि वाटेत काय बिघडतं?

उत्तर | बालरोग, धुळे
११ टक्क्यांचा फरक पुरेसा बोलका आहे. फक्त दोन्ही प्रोब एकाच वेळी लावा. एकच प्रोब हातावरून पायावर नेला तर तेवढ्यात बाळ रडतं आणि आकडा बदलतो. हात उजवाच हवा, कारण डाव्या हाताची धमनी डक्टसच्या (फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी जोडणारी जन्माआधीची नळी) तोंडाजवळून निघते. फरक नाही म्हणून पीपीएचएन नाही, असं मात्र लिहू नका. शंट (फुफ्फुस टाळून जाणारं रक्त) फोरामेन ओव्हेलमधून (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र) असेल तर हातपाय दोन्ही सारखेच खाली असतात. पाय वर आणि हात खाली, असा उलटा आकडा आला तर टीजीए (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल) मनात आणा.

सगळ्यात फसवतो तो अडथळा असलेला टीएपीव्हीसी (फुफ्फुसातून येणाऱ्या शिरा हृदयाला चुकीच्या जागी जोडलेल्या). छातीच्या फोटोत फुफ्फुसं धूसर, हृदय लहान, आणि ऑक्सिजन वाढवूनही सॅच्युरेशन एका जागी बसलेलं. पीपीएचएनमध्ये ते हात लावला की पडतं, शांत झालं की चढतं. तुमचं नमुन्याचं बाळ या दुसऱ्या गटातलं दिसतं, म्हणून उपचार सुरू करा. पण इको पहिल्या संधीला झालाच पाहिजे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: आधी फुफ्फुस उघडा, औषध नंतर. मेकोनियमचं बाळ ७० टक्क्यांवर धापा टाकत असेल तर सीपॅप ताणत बसू नका. ट्यूब टाका, सर्फॅक्टंट (फुफ्फुस उघडं ठेवणारं औषध) असेल तर द्या. फोटोत मागच्या ८ ते ९ फासळ्या दिसायला हव्यात. बसलेलं फुफ्फुस आणि फुगवलेलं फुफ्फुस, दोन्हींत रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो. लक्ष्य: उजव्या हाताला ९१ ते ९५, कार्बन डायऑक्साइड ४५ ते ५५, पीएच ७.२५ च्या वर. बायकार्बची (रक्तातलं आम्ल कमी करणारं औषध) ड्रिप आणि जोरात व्हेंटिलेट करून पीएच वर ओढणं ही जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे. त्यात मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो.

उत्तर | एनआयसीयू सिस्टर, भुसावळ
सर, प्रोटोकॉलमध्ये हाताळणीची ओळ ठळक लिहा. सक्शन गरजेपुरतंच. लाईन, रक्त, फोटो, डायपर हे सगळं एका वेळी उरकायचं आणि मग बाळाला सोडून द्यायचं. दिवा मंद, मॉनिटरचा आवाज कमी. ऑक्सिजन उतरवताना एकदम ९० वरून ७० नको, २ ते ५ टक्क्यांनी उतरवा. घाई केली की नसा पुन्हा आवळतात आणि आधीच्या आकड्यावरही बाळ सावरत नाही.

तापमान ३६.५ ते ३७.५. थंडी लागली की फुफ्फुसातल्या नसा आकसतात. सातपुड्याच्या पायथ्याला जानेवारीच्या रात्री वॉर्मरखालून अॅम्ब्युलन्सपर्यंतचं अंतरही पुरतं. गाडी आधी गरम करून घ्या. साखर, कॅल्शियम आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) बघा. हिमॅटोक्रिट ६५ च्या वर असेल तर रक्त घट्ट आहे.

उत्तर | नवजात विभाग, नाशिक
सिल्डेनाफिलचं उत्तर रक्तदाबावर आहे. सरासरी दाब ४० च्या आसपास टिकत असेल आणि पोट ठीक असेल तर ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रतिकिलो, दर ६ तासांनी, तोंडातून टाकलेल्या नळीवाटे. २० ची गोळी बारीक कुटून १० मिलि पाण्यात कालवली की १ मिलिमध्ये २ मिलिग्रॅम. म्हणजे ३ किलोला १ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १.५ मिलि. चुरा तळाला बसतो, ओढण्याआधी हलवा, नाहीतर एक डोस पाण्याचा आणि पुढचा दुप्पट.

दाब खाली असेल तर देऊ नका. अंगातला दाब पडला की शंट उलट वाढतो. १० मिलि प्रतिकिलो सलाईन एकदा, मग नॉरअॅड्रेनालिन (रक्तदाब वाढवणारं औषध). मिलरिनोन (हृदयाला जोर देणारं, पण रक्तदाब पाडू शकणारं औषध) इकोशिवाय नको, आणि देताना लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) टाळा.

हलवायचं कधी, हे ऑक्सिजनेशन इंडेक्सवरून ठरवा (आकडा जितका मोठा तितकं बाळ गंभीर): मीन एअरवे प्रेशर (व्हेंटिलेटरचा सरासरी दाब) गुणिले ऑक्सिजनचा टक्का, भागिले पीएओटू (धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब). १४ प्रेशर, ९० टक्के, पीएओटू ५० म्हणजे २५. नमुना उजव्या मनगटातून घ्या, नाळेच्या धमनीतला डक्टसच्या पलीकडचा असतो. गॅस मशीन नसेल तर पीएओटूच्या जागी उजव्या हाताचं सॅच्युरेशन घ्या आणि उत्तर दुप्पट करा, अंदाज येतो. २० ते २५ ला आम्ही नायट्रिक २० पीपीएमवर सुरू करतो. म्हणून तुम्ही १५ लाच फोन करा. २५ ची वाट पाहिलीत तर बाळ रस्त्यातच ४० गाठेल.

प्रश्नकर्ता | एमओ, शहादा
सर, पाच तासांच्या रस्त्याला ऑक्सिजन किती धरू?

उत्तर | बालरोग, धुळे
मिनिटाला १० लिटर धरलं तर ३०० मिनिटांना ३००० लिटर. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना १५०० लिटर असतो. दोन लागतील, तिसरा राखीव, आणि तिन्हींचं प्रेशर निघण्याआधी स्वतः बघा. निघण्याआधीच विचारा: बेड आहे का, नायट्रिक आज सुरू आहे का.

वाटेत अचानक सॅच्युरेशन पडलं तर औषध शोधू नका. गाडी बाजूला घ्या, व्हेंटिलेटर काढून बॅगने हवा द्या. ट्यूब सरकली का, तुंबली का, एका बाजूला हवा जात नाही का, सिलिंडर संपला का, या क्रमाने बघा. मेकोनियममध्ये न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुस फुटून छातीत हवा साठणं) ठरलेला शत्रू आहे. ती हवा काढायला २२ नंबरचा कॅन्युला, थ्री-वे (तीन तोंडांची चावी) आणि १० मिलिची सिरिंज जोडून इनक्युबेटरला चिकटवून ठेवा, डब्यात नको.