ग्राउंड ऑर्किडला नुसती पानंच, फूल का येईना?

गॅलरीवाला (राजारामपुरी)
नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जांभळ्या फुलांचं ग्राउंड ऑर्किड आणलं. नर्सरीवाल्यानं नाव स्पॅथोग्लॉटिस सांगितलं. आणलं तेव्हा एक दांडा फुलावर होता, तो झडला तेव्हापासून काही नाही. पानं मात्र हातभर लांब, गर्द हिरवी, आणि सगळी लोळतात. गॅलरी उत्तरेकडची. ऑर्किडला ऊन सोसत नाही म्हणून आतल्या कोपऱ्यात ठेवलंय. काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. शेजारी म्हणतात, नुसत्या कोळशात लाव. काय करू?

हिरवी_नेट
कोळसा झाडावर चढणाऱ्या ऑर्किडांना, भावा. हे जमिनीतलं आहे. जागा बदल.

फुलेवाडीची काकू
पानं गर्द आणि लोळणारी म्हणजे उजेड कमी, दुसरं काही नाही. उजेड पुरला की पान जरा फिकट, पोपटी होतं आणि ताठ उभं राहतं. ऑर्किड म्हटलं की लोक ते देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपतात. 1883 ला क्राकाताऊचा ज्वालामुखी फुटून बेट बोडकं झालं, तिथं परत उगवलेल्या पहिल्या काही ऑर्किडांत हेच स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा होतं. राखेत, उघड्या उन्हात आलेलं झाड तुमच्या कोपऱ्यात काय फुलणार?

सकाळचं तीन-चार तास ऊन मिळेल तिथं हलवा, पण एकदम नको, पानं भाजतील. आठवडा-दोन आठवडे थोडं थोडं पुढं सरकवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी नेट हवीच.

काळी माती मात्र आधी काढा. पावसात ती चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मुळं दोन्हीकडून मरतात. मी तांबडी माती, विटांचा जाड चुरा आणि नारळाची सोडणं बारीक कापून सारखी घेते, वर मूठभर जुनं कुजलेलं शेणखत. लावताना कंद पुरायचा नाही. कांद्यासारखा दिसतो म्हणून लोक आत दाबतात, पण त्याचा वरचा भाग मातीबाहेर दिसला पाहिजे.

आपल्याकडं खरा धोका जुलै-ऑगस्टचा. सलग झड लागली की पोंग्यात पाणी साचतं, नवा फुटवा तपकिरी पडतो आणि ओढला की अलगद हातात येतो. तेवढे दिवस कुंडी पत्र्याखाली घ्या. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचा, कोवळा दांडा एका रात्रीत खातात.

घाटवाट
काकू, आंबा घाटात पावसाळ्यात जमिनीतनं पांढरी ऑर्किडं येतात, ती आणून लावली तर? फुकटात काम.

फुलेवाडीची काकू
@घाटवाट अजिबात नको. ती बहुतेक हबेनारिया. पाऊस संपला की वरचं सगळं वाळतं आणि कंद पुढच्या पावसापर्यंत जमिनीखाली झोपतो. कुंडीत माणूस सवयीनं पाणी घालत राहतो आणि कंद कुजतो. शिवाय मुळांना तिथल्या मातीतली बुरशी लागते, ती पिशवीत भरून येत नाही. राधानगरीसारख्या अभयारण्यातून तर परवानगीशिवाय झाड उचलणं गुन्हा आहे. तिथं जाऊन फोटो काढा की.

स्पॅथोग्लॉटिस तसं झोपत नाही, बारा महिने हिरवं. पाणी थंडीत कमी करायचं, बंद नाही.

गॅलरीवाला (राजारामपुरी)
धन्यवाद काकू. दक्षिणेकडं टेरेस आहे, तिथं नेतो. अजून एक. आधीच्या दांड्याला हिरव्या शेंगा धरल्या होत्या. बी पेरता येईल?

फुलेवाडीची काकू
बी धुळीसारखं असतं, आत साठवलेलं अन्न नाही. ते प्रयोगशाळेत बाटलीत रुजवतात, घरी नाद नको. हे झाड बऱ्याचदा आपलं आपणच फळतं, म्हणून शेंगा धरतात. दिसल्या की खुडा. दांडा मात्र ठेवा. टोक हिरवं आहे तोवर तो वाढत जातो आणि वर थोडी थोडी फुलं उघडत राहतात, कित्येकदा महिनोन्‌महिने. लोक खालची फुलं गळली की लगेच छाटतात.

रोपं वाढवायची तर कुंडी गच्च भरल्यावर कंद वेगळे करा, पण तीन-चारचा झुपका ठेवून. पानं झडलेले जुने कंद टाकू नका, ओल्या वाळूत ठेवले की फुटतात. आणि खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं), लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही नवी पानं निघायला लागल्यावर. टेरेसवर नेल्या नेल्या ओतू नका.